समजा

यंत्रं यायच्या आधीची गोष्ट, साखळीचे दिवस.
मोजणीची नोटीस पंधरा दिवस आधी गेली होती,
तरी शेषराव गावंडे बंडीवरच आला
आणि चुलतभाऊ पुंजाराम
आज्याच्या वेळचं टिप्पण छातीशी धरून.
मधे धुरा. धुऱ्यावर बोरीचं झाड,
ज्याची बोरं आजवर फक्त पोरांनी खाल्ली होती.

मी म्हटलं, खुणेचा दगड दाखवा,
तिथून मोजू. येईल ते येईल.

आमच्यात दगडावरून दगड मोजतात.
हा इथे कशावरून? पलीकडच्या बांधावरच्यावरून.
तो कशावरून? गावठाणाच्या कोपऱ्यावरून.
कोपरा? तीन गावांच्या शिवा भिडतात, तिथल्या दगडावरून.
साखळी उलगडता उलगडता झामाजी म्हणाला,
"अन् तो कायवरून हाय, बाई?"

अमरावतीला, कॉलेजात, मीही विचारलं होतं:
दोन बिंदूंतून एकच रेषा जाते, हे कशावरून, सर?
उमप सरांनी हातावरचा खडू झटकला. म्हणाले, समजा.
मला वाटलं, समजून घ्या म्हणतायत.
दोन वर्षं मी समजून घेत राहिले.

खुणेचा दगड धुऱ्यावर नव्हताच.
विहिरीवर सापडला.
त्यावर बायका धुणं आपटत होत्या,
बहुतेक शेषरावच्या आईच्या लग्नाआधीपासून.
कोरलेला बाण साबणानं इतका झिजलेला
की बोटालाच दिसायचा.
कोणी आणला, कधी आणला, कोणी सांगेना.
आणि तरी इतकी वर्षं वावरं पेरली गेली,
तासाला तास कुठे भिडलं नाही.
तिफणीच्या दात्यांना काय ठाऊक,
न भेटता जायचं ते.
सुताराने भोकंच तशी पाडली होती.

मग झामाजीच म्हणाला, "ह्या निंबाले मानू का?"
शेषराव म्हणाला, मानू.
पुंजाराम म्हणाला, मानू,
पण निंबाच्या कोणत्या अंगानं?
त्यात दुपार गेली. डबे तिथेच सुटले,
शेषरावची मिरचीची भाजी पुंजारामनेही खाल्ली.
शेवटी बुंध्यात एक खिळा ठोकला.
खिळा खरा की खोटा, कोणी विचारलं नाही.
हलू नये, एवढंच.

तिथून पुढचं सगळं आपोआप आलं,
जसं येतं. गणित काही कोणाचं नातेवाईक नसतं.
बोर पुंजारामकडे गेली, तीन हात काळी माती शेषरावकडे.
दोघांनी सह्या केल्या.
खिळ्याकडे परत कोणी पाहिलं नाही.

ऊन कलल्यावर नदीवर गेलो.
अलीकडे अमरावती जिल्हा, पल्याड वर्धा.
दोन्हीकडचे नकाशे माझ्या पिशवीत,
ज्याचा त्याचा दगड वेगळा,
आणि आपापल्या हद्दीत एकही बोटभर चुकत नाही.
शेजारी शेजारी ठेवले
की मधे रेतीची एक चिंधी उरते, दोघांतही नसलेली.
त्या चिंधीवर गिरजा नान्हेची डांगरवाडी.

"माही जागा कोणात येते, बाई?"
मी एक नकाशा पाहिला. मग दुसरा.
ह्यात नाही. ह्यातही नाही.
"मंग यातला चुकला कोण?"
कोणीच नाही, म्हटलं.
"दोघंबी बरोबर?"
दोघंही.
ती वेलावरची पानं सारत राहिली, बराच वेळ.
उमप सर असते तर खडू झटकला असता.
माझ्या हातात खडू नव्हता.

"तुमच्यापाशी एखांदा दगड असन त द्या," ती म्हणाली,
"नसन त मीच ठेवतो."
आणि एक किडकं डांगर उचलून
तिनं वाडीच्या कोपऱ्यावर, रेतीत दाबून बसवलं.
"हे घ्या. इथून मोजा."

मी हसणार होते.
पण झामाजीनं साखळीची कडी
डांगराला टेकवलीसुद्धा होती,
आणि दुसरं टोक घेऊन
तो पाण्याच्या दिशेनं निघाला होता.